शोबांडेंच्या खणातला चमचा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या भरतकाम संघाच्या प्रमुख आदरणीय फ्राउ थेकला हुम्पेलर, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या कारखान्याचे संचालक हेर डॉक्टर क्लेमेन्स राइनर, लागोसहून दोन विमानं बदलून आलेल्या आपल्या जुन्या गिऱ्हाईक आणि आजच्या प्रमुख पाहुण्या मादाम मोरायो शोबांडे, आजच्या उत्सवमूर्ती फ्राउ वाल्बुर्गा आल्गे, धागेवाले, यंत्रवाले, कात्रीवाल्या आणि बांधणी खात्यातले माझे सोबती, निवृत्त होऊनही जेवणाचा दिवस बरोबर लक्षात ठेवून आलेली ज्येष्ठ मंडळी, आणि स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकणाऱ्या बायांनो, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मी एगोन फिट्झ. या कारखान्यात चौतीस वर्षं यंत्रदुरुस्ती करतो. कामगारांचा प्रतिनिधी म्हणून मला सात मिनिटं दिली आहेत, आणि त्या सात मिनिटांत काय बोलायचं तेही कार्यालयानं टाइप करून दिलं आहे. भाषण चांगलं आहे. त्यात 'कर्तव्यनिष्ठ' हा शब्द चार वेळा आला आहे. ज्यांनी लिहिलं त्यांचे आभार. आता मी त्याची घडी घालतो आणि खिशात ठेवतो.

का ठेवतो? सांगतो. पाच मिनिटांपूर्वी याच जागेवर उभं राहून आपले डॉक्टर काय म्हणाले ते आपण सगळ्यांनी ऐकलं. "वाल्बुर्गाबाईंच्या हातून चव्वेचाळीस वर्षांत एकच मोठी चूक झाली, आणि ती आम्ही केव्हाच माफ केली आहे." सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. हातांना सवय असते. मग माझं लक्ष वाल्बुर्गाकडे गेलं. ती मांडीवरच्या पर्सची कडी उघडत होती आणि बंद करत होती. मंडळी, तिथं माझे हात थांबले.

माफ केली! कुणी? कुणाला?

दुभाषीबाई, तुम्ही मादाम शोबांडे यांच्या कानाशी बसला आहात. मी जरा थांबत थांबत बोलेन. तुम्ही काही गाळू नका, आणि कृपा करून गोड करू नका. त्यांना यातलं प्रत्येक वाक्य मिळायला हवं. या व्यासपीठावर वाल्बुर्गाची खुर्ची आहे, मादामची खुर्ची आहे, आणि मधल्या खुर्चीवर फुलांची कुंडी ठेवली आहे. कुंडी कुणी ठेवली मला माहीत नाही, पण ती तिथं तेवीस वर्षं आहे असं समजा. या दोन बायका एकेकाळी एकाच ताटलीत आलुबुखाराचा केक खात होत्या. आज दोघी तासभर शेजारी बसल्या आहेत, एक शब्द नाही.

तर पहिल्यापासून सांगतो. फार लांबवत नाही, चीजचे क्नॉप्फ्ले गार होतील तर स्वयंपाकघरातल्या बाया मला जिवंत सोडणार नाहीत.

वाल्बुर्गा सोळाव्या वर्षी नमुना खोलीत लागली. चित्रकाराच्या कागदावरच्या फुलाचे टाके करायचे, पंधरा यार्ड लांब यंत्रातल्या शेकडो सुयांना कधी उजवीकडे जायचं आणि कधी डावीकडे हे सांगायचं, हे तिचं काम. आधी भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या होत्या. एकेक पट्टी पोत्यात भरून न्यावी लागायची. मग फ्लॉपी आली. तळहाताएवढी चौकोनी, खिशात मावणारी. वाल्बुर्गाला ती इतकी आवडली, की पहिल्या दिवशी तिनं ती ओठांना लावली म्हणतात. ती म्हणते, खोटं आहे, मी धूळ फुंकत होते. असू दे.

त्या फ्लॉपीसाठी तिनं सुताराकडून एक कपाट करून घेतलं. तेराशे बारा खण. आणि नियम तीन. पहिला नियम, एका डिस्कवर एकच नमुना. जागा उरली तरी दुसरा घालायचा नाही. दुसरा नियम, डिस्क ज्या जाड कागदाच्या पाकिटात राहील त्यावर त्या नमुन्याचा खरा तुकडा शिवलेला असेल, दोन बोटं रुंद, यंत्रातून निघालेला. नाव वाचायची गरजच नाही. हातिजे, उठून उभी राहा जरा. अगं उठ, लाजतेस काय, नातवंडं झाली तुला! ही हातिजे आपल्याकडे आली तेव्हा तिला आमची भाषा येत नव्हती, आणि आमची लिपी तर त्याहून नाही. सहा नंबरचं यंत्र तिनं पहिल्या आठवड्यापासून चालवलं. कसं चालवलंस, सांग.

"बोटानं."

ऐकलंत? बोटानं. पाकिटावर बोट फिरवायची, यंत्रावरच्या कापडावर बोट फिरवायची, सारखं लागलं की डिस्क आत ढकलायची. डिस्कवर एकच नमुना, म्हणजे चुकायला दुसरं काही नाहीच. खाली बस हातिजे, धन्यवाद.

तिसरा नियम चमच्याचा. आपल्याकडे कामाला लागताना प्रत्येकाला कॉफीचा चमचा मिळतो, दांड्यावर नावाची अक्षरं कोरलेला. ही पद्धत वाल्बुर्गाच्याही आधीची. तिनं एवढंच केलं, की डिस्क घ्यायची असेल तर रिकाम्या खणात आपला चमचा ठेवून जायचं. चमचा खणात, तर डिस्क हातात. कॉफी हवी? आधी डिस्क आण. साखर बोटानं ढवळणारे लोक मी इथं पाहिले आहेत. डॉक्टर, तुमचे वडील एवढे मोठे मालक, पण त्यांनीही एक अख्खा दिवस पेन्सिलीनं कॉफी ढवळली आणि संध्याकाळी मुकाट्यानं डिस्क आणून दिली. वही नाही, सही नाही, पहारा नाही. सव्वातेराशे डिस्कांपैकी एकही हरवली नाही.

एकही नाही, असं म्हणालो. एक हरवली. तिकडेच येतोय.

दोन हजार एक सालच्या वसंतात डॉक्टर व्हिएन्नाहून शिकून आले. तेव्हा ते नुसते क्लेमेन्स होते, पण सूट होता. एका सकाळी सगळ्यांना नमुना खोलीत बोलावलं आणि हातातली जाडजूड निळी डिस्क वर धरली. "या एका डिस्कमध्ये तुमच्या सत्तर फ्लॉप्या मावतात," म्हणाले. "एकोणीस डिस्क घेतल्या की हे कपाट भंगारात. क्षमता बघा, क्षमता!"

वाल्बुर्गा म्हणाली, "आणि पाकिटं?"

"पाकिटं कशाला? यंत्राच्या पट्टीवर यादी दिसेल. बाई, तुमच्या एकेका फ्लॉपीत निम्मी जागा रिकामी पडली आहे. केवढा हा अपव्यय!"

त्यावर ती काय म्हणाली ते त्या खोलीतल्या कुणीही विसरलेलं नाही. "माझ्या कपात कॉफी अर्धी आहे म्हणून तुम्ही त्यात शेजाऱ्याची ओतता का?"

हसलो आम्ही. डॉक्टर हसले नाहीत. आता मी विचारतो, कारण तेव्हा विचारलं नाही: जास्त मावतं म्हणून ते चांगलं, हे कुठल्या देवानं सांगितलं? पोत्यात जास्त मावतं म्हणून कुणी पोत्यातून पाणी पितं का? वापरणाऱ्याच्या हाताला काय सोपं पडतं हे विचारायला आपल्याला लाज वाटते. सोपं म्हणजे अडाण्यांसाठी, असं आपण धरून चाललो. हातिजे अडाणी नव्हती. अडाणी आम्ही होतो, ज्यांनी तिच्या बोटातली अक्कल काढून घेतली आणि तिला आठ अक्षरांची पट्टी दिली.

हो, आठ अक्षरांची. यंत्रावर नाव दिसायला एक बारीक पट्टी आहे, तिच्यात आठच अक्षरं मावतात. नाव लांब असलं की यंत्र शेपूट कापतं आणि शेवटी आकडा लावतं, पहिलं, दुसरं, तिसरं. जे नाव डिस्कवर आधी चढलं ते पहिलं. आपल्या बोलीत 'लग्न' म्हणायलाच आठ अक्षरं लागतात. कुटुंबाचं नाव यायच्या आत पट्टी संपली! मी हे डॉक्टरांना सांगितलं होतं. "साहेब, दोन लग्नांचे नमुने एकसारखे दिसतायत." ते म्हणाले, "फिट्झ, क्षमता बघा, नावं काय बघता?"

डॉक्टर मान हलवतायत. आठवत नसेल. बोलणाऱ्याला आठवत नाही, ऐकणाऱ्याला आठवतं, हे जगभर असंच आहे.

आता मादाम शोबांडे. दुभाषीबाई, इथून नीट.

मादाम, त्या वर्षी तुमच्या मुलीचं लग्न होतं. तुम्ही हिवाळ्यात आलात, रुमालात गुंडाळून एक पीस आणलंत. ठिपक्यांच्या कोंबडीचं. तुमच्या आईनं पाळलेल्या. तुम्ही वाल्बुर्गाला म्हणालात, माझ्या घरच्या दोनशे बायका हे पीस अंगावर घालून लग्नात उभ्या राहतील, आणि हा नमुना दुसऱ्या कुठल्याही घराला द्यायचा नाही. वाल्बुर्गानं त्या एका पिसावर तीन आठवडे घालवले. प्रत्येक ठिपका वेगळा. मी तेव्हा तिच्या खोलीतला दिवा दुरुस्त करायला गेलो होतो, तर मला म्हणाली, "एगोन, श्वास हळू घे, पीस उडेल."

त्या पिसाच्या खणाशेजारच्या खणात दुसरं लग्न होतं, शोडिपो कुटुंबाचं. त्यांचा नमुना घंटेच्या फुलांचा, त्यांचाही फक्त त्यांच्यासाठी.

मग वाल्बुर्गा तीन आठवडे उपचाराला गेली, पाठीसाठी. डॉक्टरांनी ठरवलं, ती परत यायच्या आत कपाट रिकामं झालं पाहिजे. एका शनिवारी सगळं उतरवायचं. कुणी? मी. मला संगणकातलं थोडं कळतं असा माझा लौकिक होता. थोडं कळणारा माणूस फार धोक्याचा असतो, हे मी आज साठीला आल्यावर सांगू शकतो.

सवयीनं मी पहिल्या खणात, म्हणजे शोबांडेंच्या खणात, माझा चमचा ठेवला. ए. एफ. आणि मग काम भराभर उरकावं म्हणून खण मागून उपसायला लागलो, कारण मागची बाजू हाताशी होती. कामाच्या यादीत शोबांडे पहिलं लग्न आणि शोडिपो दुसरं. माझ्या हातून शोडिपो आधी चढलं. झालं. पहिल्याचं दुसरं आणि दुसऱ्याचं पहिलं. पडद्यावर दोन्ही नावं 'लग्न' आणि पुढे आकडा. नमुने फ्लॉपीवर असते तर ही चूक व्हायला जागाच नव्हती, कारण तिथं शेजारीच नाही.

सहा नंबरवर हातिजे होती. पहिला यार्ड बाहेर आला तसं तिनं बोट फिरवलं आणि यंत्र थांबवलं. "हे पीस नाही," म्हणाली. पाळीचा मुकादम म्हणाला, "पट्टीवर पहिलं लग्न आहे ना? मग चालव." पाकिटं तर नमुना खोलीत, कुलपात. तिनं चालवलं. हजार यार्ड. प्रवाळी रंगात, घंटेची फुलं.

कापड लागोसला पोचलं तेव्हा लग्नाला आठ दिवस होते. मादाम, पुढचं तुम्हाला माहीत आहे, मला ते सांगायचा अधिकार नाही. दोनशे बायका आपापली जुनी कापडं नेसून आल्या. दुसऱ्या घराचा नमुना मागवला म्हणून शोडिपोंनी तुमच्या दारात येऊन भांडण काढलं. तुम्ही वाल्बुर्गाला एक पत्र लिहिलंत, त्यात एकच वाक्य होतं: "माझ्या मुलीचं पान तू दुसऱ्याला वाढलंस." ते पत्र मी पाहिलं आहे. ते अजून तिच्याकडे आहे.

इकडे चौकशी झाली. दहा मिनिटं चालली. डॉक्टर म्हणाले, मोठी डिस्क चुकूच शकत नाही, तिच्यात एवढी क्षमता आहे, म्हणजे मूळ फ्लॉपीवरच चुकीचा नमुना होता. मूळ फ्लॉपी आणा! खण उघडला. फ्लॉपी नाही. पाकीट नाही. म्हणजे बाईंनी लपवली. ठरलं! वाल्बुर्गा नमुना खोलीतून बांधणी खात्यात. जिच्या हातानं सुया नाचायच्या ती खोक्यांना चिकटपट्टी लावायला लागली. तेवीस वर्षं लावली.

मंडळी, ती फ्लॉपी माझ्याकडे होती.

थांबतो. दुभाषीबाईंना पुरं करू द्या.

हो. माझ्याकडे. कापड चुकल्याचं कळलं त्या सकाळी मी ती पाकिटासकट उचलली आणि माझ्या हत्यारांच्या पेटीत, कानशींच्या खाली ठेवली. त्या वसंतात दोन यंत्रदुरुस्तांपैकी एकाला कमी करायचं ठरलं होतं. कोण जाणार ते ठरलं नव्हतं. मला वाटलं, आठवडाभर गप्प बसू, मग सांगू. आठवड्याचा महिना झाला. महिन्याचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. मी भित्रा होतो. यापेक्षा चांगला शब्द शोधला, मिळाला नाही.

आणि चमचा? तो घाईत खणातच राहिला.

चौकशीला खण उघडणारे साहेब चमच्याकडे बघून म्हणाले, इथं कुणीतरी चमचा विसरलंय. त्यांना नियम माहीतच नव्हता! ज्यांना तो खण वापरायचा नव्हता त्यांना त्या चमच्याचा अर्थ कसा कळणार? पण चौकशीच्या आधीच वाल्बुर्गा उपचाराहून आली होती, आणि तिनं खण उघडला तेव्हा मी दारात तेलाची बुधली घेऊन उभा होतो. तिनं चमच्यावरची अक्षरं बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मग खण आत ढकलला आणि म्हणाली, "एगोन, सहा नंबर खडखडतंय. बघ जरा."

एवढंच. चौकशीत तिनं एक शब्द काढला नाही. चमचा दाखवला असता तर त्याच दिवशी ती सुटली असती.

डॉक्टर घड्याळ दाखवतायत. सात मिनिटं संपली. संपू देत. डॉक्टर, तुम्ही माइक बंद करू शकता, पण मी तीस वर्षं भरतयंत्रांच्या आवाजावर ओरडून बोललोय, माझं काही अडणार नाही. अध्यक्षा फ्राउ हुम्पेलर मान डोलावतायत, म्हणजे बोलू का? आभारी आहे.

आता तुमच्या क्षमतेचा हिशेब ऐका, इतकी वर्षं गप्प बसलो त्यातलं हेही एक. त्या एकोणीस मोठ्या डिस्क. अकरा वर्षं बऱ्या चालल्या. मग एकेक आजारी पडायला लागली. आत घातली की टक, टक, टक, आणि संपलं. वाचणारं यंत्र नवीन मिळेना, कारण ते बनवायचंच लोकांनी सोडून दिलं. आज एकोणीसपैकी सात उघडतात. फ्लॉप्यासुद्धा म्हाताऱ्या झाल्या, मी खोटं बोलणार नाही, त्यातल्या एक्केचाळीस मेल्या. पण एक फ्लॉपी मेली की एक नमुना जातो. एक मोठी डिस्क मेली की एका झटक्यात सत्तर घरं उठतात. तुम्ही आज अंगठ्याएवढी काडी दाखवलीत आणि म्हणालात, आपला सगळा वारसा यात आहे. सगळा? सात डिस्कांचा आहे, डॉक्टर. बाकीच्या बारा टक टक करतायत.

मग गेली बारा वर्षं तुमची यंत्रं चालली कशावर?

हसू नका रे मागच्या रांगेत. सांगून टाकतो. कपाट भंगारात टाका असं तुम्ही म्हणाला होतात. आम्ही ते बांधणी खात्यात नेलं, आडवं ठेवलं, वर फळी टाकली आणि त्यावर पुठ्ठा अंथरला. ज्या टेबलावर वाल्बुर्गा खोकी बांधते ना, ज्याच्यावर हात टेकून तुम्ही दरवर्षी नाताळच्या शुभेच्छा देता, ते कपाट आहे! यंत्रवाला जातो, खोकं सरकवतो, पाकिटावर बोट फिरवतो, डिस्क घेतो, चमचा ठेवतो. बारा वर्षांत एकही यार्ड चुकीचा गेलेला नाही. तुमच्या कारखान्याची नमुना खोली तुम्ही बंद केलीत, पण ती तुमच्या हाताखाली चालू होती.

परवा सूचना लागली, की बाई निवृत्त झाल्या की सोमवारी बांधणी खात्यातलं जुनं सामान उचलायचं. डॉक्टर, त्या कपाटाबद्दल एक वाईट बातमी आहे. आज सकाळपासून त्यात डिस्क कमी आणि चमचे जास्त आहेत. ज्याला ज्याला चमचा मिळाला होता त्या प्रत्येकानं एक डिस्क घरी नेली आहे. निवृत्त मंडळी नुसती जेवायला आली आहेत असं मी मघाशी म्हणालो, ते खोटं होतं, त्यांचीही क्षमा असावी. आणि ज्या कपाटात चमचे आहेत ते हलवता येत नाही, हा नियम तुमच्या वडिलांनीही पाळला होता. हलवून बघा. अख्खं गाव उद्यापासून पेन्सिलीनं कॉफी ढवळेल, पण डिस्क देणार नाही.

आणि माझ्यावर कारवाई करायची असेल तर सोमवारी सकाळी बोलवा. मी येईन. सहा नंबर त्या दिवशी कोण बघणार ते मात्र आधी ठरवून ठेवा.

आता शेवटचं. सूचना लागली त्या दिवशी मी वाल्बुर्गाकडे गेलो. ती खोकं बंद करत होती. मी म्हटलं, "बुर्गी, तेव्हा तू बोलली का नाहीस?"

तिनं विचारलं, "चमचा कुणाचा होता?"

"माझा."

"मग बोलायचं कुणी?"

आणि मला म्हणाली, "हे टोक धर, पट्टी वाकडी जातेय." मी टोक धरलं. मंडळी, तेवीस वर्षं ही बाई माझी वाट बघत होती. तिनं माझ्यावर दया केली असं मला वाटायचं. दया नव्हती ती. माझं काम माझ्याकडून करून घ्यायचं होतं तिला. नमुना खोलीतही ती अशीच होती, चुकलेला टाका कुणाला उसवून द्यायची नाही, ज्याचा त्यानं उसवायचा.

तर उसवतो.

मादाम शोबांडे, हे पाकीट. डॉक्टर, बसा, यात हात घालू नका. तुमच्या कुठल्याही यंत्रात हे घालायची गरज नाही. हे वाचायला वीज लागत नाही, पडदा लागत नाही, आठ अक्षरं लागत नाहीत. मादाम, चष्माही नको. डोळे मिटा आणि वर शिवलेल्या तुकड्यावर बोट फिरवा. पाकिटावर वाल्बुर्गाच्या हातची तारीख आहे, चौदा मार्च. तुमचं कापड भरायला घेतलं त्याच्या पाच आठवडे आधीची. तिनं तुमचं पान कुणालाही वाढलं नव्हतं. ते मी वाढलं.

दुभाषीबाई, काय म्हणतायत त्या?

"आईच्या कोंबड्या."

हो मादाम. आईच्या कोंबड्या.

अरे, कुणीतरी मदत करा, त्या कुंडी उचलतायत, जड आहे ती! नको म्हणतायत? बरं. ठेवा खाली, मादाम, माइकच्या तारेवर ठेवली तरी चालेल. बसा त्या खुर्चीवर. ती तुमचीच आहे.

अध्यक्षा महोदया, आपण मला बोलू दिलंत, त्याबद्दल आभार. लागोसहून आलेल्या पाहुण्यांचे आभार, दुभाषीबाईंचे आभार, त्यांनी काहीही गोड केलं नाही हे मादामच्या चेहऱ्यावरून कळतंय. हातिजे, तुझ्या बोटाचे आभार. तुझं तेव्हा कुणी ऐकलं नाही, त्यात मीही होतो. स्वयंपाकघरातल्या बायांनो, क्नॉप्फ्ले पुन्हा गरम करावे लागतील, त्याचा दोष संपूर्णपणे माझा.

भाषण संपवताना वक्त्यानं म्हणायचं असतं, की बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, काही कमीजास्त झालं असेल, तर सभेनं उदार मनानं क्षमा करावी. डॉक्टर, तुमचं मन दुखावलं असेल तर ते मुद्दाम दुखावलं आहे, त्याची क्षमा मी मागत नाही. सभेचीही मागत नाही, सभेचं मी काही बिघडवलेलं नाही. आज या सभागृहात एक माफी चुकीच्या माणसानं चुकीच्या माणसाला दिली, ती परत घेण्यात यावी, एवढी विनंती करतो. आणि माझी क्षमा मला एकाच व्यक्तीकडे मागायची आहे.

वाल्बुर्गा, डिस्क परत आणली आहे. तेवीस वर्षं उशीर झाला. आज सकाळी शोबांडेंचा खण मी उघडून बघितला. त्यात चमचा नव्हता, म्हणजे तो तुझ्या पर्समध्ये आहे. मघापासून तू तिची कडी उघडतेस आणि बंद करतेस.

मला माझा चमचा मिळेल का?